अळणी

शिरदोणच्या आगरातली आपोलोन
वैजीण होती.
मी आधी एवढंच सांगितलं होतं.
हे कुठंतरी असावं म्हणून
म्हातारपणी लिहून ठेवतो आहे,
आजोबा हिशेब लिहायचे त्या अक्षरांत.

थोरल्या घरात मी दुभाषी.
मानशीच्या दारासारखं काम:
भरतीला फळी उचलायची, ओहोटीला टाकायची.
मासे कोणाचे, हे विचारायचं नाही.

मी म्हटलं, पार्तैरा.
कारकुनाची लेखणी थांबली.
पाद्रीसाहेबांनी पाण्याचा घोट घेतला,
विचारलं, तेवढंच?

खिडकीतून ऊन आत आलं होतं.
त्यांच्या जोड्याजवळ एक मुंगळा
मेलेली माशी ओढत होता, भिंतीकडे.
आणि मी दुसरा शब्द म्हणालो.
तो मला कोणी शिकवला नव्हता.
तोंडात तयारच होता,
सकाळच्या पावासारखा, गरम.

मेजावर पुरावे:
मिठाचे सात खडे.
सुक्या मिरच्या, देठासकट.
नाळ कापायचा शिंपला, ज्यानं शिरदोणातली निम्मी माणसं
आयांपासून सुटी झाली,
मीही.
आणि एक मडकं,
त्यातल्या भातात मीठ नव्हतं.

दीठ काढताना मीठ वापरलं हा गुन्हा,
तिथीच्या भातात वापरलं नाही हाही गुन्हा.
आणि बाई जन्मभर मिठात राबलेली,
टाचांना भेगा,
भेगांत पांढरं.

साक्ष कोणाची, हे आरोपीला सांगत नसत.
मला ठाऊक होतं:
एस्पेरांसची, जिचं तिसरं मूल
पायाळू आलं आणि रडलंच नाही.
मला तिचाही राग येत नाही.
कागदावर आपोलोन. बाप्तिस्म्याआधीचं नाव
दोनदा विचारलं गेलं.
ती बोलली नाही.
ठाऊक असून मीही.

मग ते म्हणाले, नावं सांग.
तुझ्याबरोबर तो भात कोणी खाल्ला, एक एक नाव.
एक दिलंस तरी पुष्कळ.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.
माझ्याकडे पाहिलं,
आणि वेणा कितपत आहेत असं विचारावं
त्या आवाजात म्हणाली:
माव्रू, तुजी आवय बरी आसा?

त्या मडक्यातले चार घास माझ्या आईचे होते.
तिच्या आईच्या तिथीला,
दार लावून,
चूल ओल्या पोत्यानं झाकून,
धूर दिसू नये म्हणून.

काय म्हणाली ती?
मी म्हटलं, बरळते आहे.

तसंच लिहिलं गेलं. बरळते. नावं देत नाही.
पश्चात्ताप दिसत नाही.
अक्षर सुंदर होतं कारकुनाचं.

पिवळ्या झग्यावर रंगाऱ्यानं
ज्वाळा वरच्या दिशेनं काढल्या.
सुटणार असतात त्यांच्या झग्यावर खाली वळवतात.
रंगारी दिवाडीचा, माझ्या ओळखीचा.
मी काही विचारायच्या आत
कुंचला पुसत म्हणाला,
तांबडा कमी पडला रे यंदा.

थोरली घंटा वाजली तेव्हा
मी सांव लाझारच्या मैदानावर गेलो नाही.
ताप आहे असा निरोप पाठवला.
संध्याकाळपर्यंत खरंच आला.
वाऱ्याची दिशा त्या दिवशी नदीकडे होती,
एवढं मला पडल्या पडल्या समजत होतं.

शिरदोणला त्या वर्षी बायका
एकमेकींच्या हातांवर बाळंत झाल्या.
किती वाचल्या, मी मोजलं नाही.

आई नंतर एकोणीस वर्षं जगली.
माझा पगार वाढला, घराला कौलं आली.
आपोलोनचं नाव आमच्यात कोणी काढलं नाही.
फक्त आई सगळ्यांच्या शेवटी
एकटी जेवायला बसू लागली,
आणि तिच्या मडकुलीतली पेज
एकदा चुकून
मी प्यालो.